मुखवट्यातला भाऊ

वीर स्टेशनवरून आलेल्या रिक्षातून तो उंच म्हातारा उतरला आणि दारात उभा राहून म्हणाला, "मासूमा, मी नासिर."

मासूमाने ओढणी सारखी केली, पण ती दारातून बाजूला सरली नाही.

तिचा थोरला भाऊ नासिर चाळीस वर्षांपूर्वी महाड सोडून मुंबईला गेला आणि सिनेमात भूत झाला. कबरीतून उठायचं, झाडाला लोंबायचं, बायकांची मानगूट धरायची. अंगापिंडाने थोराड, म्हणून त्याला घेत. चेहरा मात्र कायम रबरी मुखवट्याआड. पोस्टरवर नाव नाही. घरातले त्याचे फोटो दोन हजार एकवीसच्या पुरात चिखलात गेले. आता हा तोच, हे सांगणार कोण?

म्हाताऱ्याचे गाल भाजल्यासारखे होते. "डिंकाने झालं," तो म्हणाला. "मुखवटा रोज चिकटवायचा, रोज ओरबाडायचा."

एमआयडीसीतून कामावरून आलेला मासूमाचा मुलगा अरफात तिला आत नेऊन म्हणाला, "अम्मी, आज मामू म्हणून ठेवशील, उद्या घरात वाटा मागंल."

तिने पडवीत खाट टाकून दिली आणि मधल्या दाराला कडी घातली.

म्हातारा जुन्या गोष्टी अचूक सांगे. विहीर कुठे होती, बापाच्या दुकानात काय विकायचे. तेवढाच तिचा संशय वाढे. पढवलेला पोपटही बोलतो. नासिरने मुंबईत कुणा सोबत्याला हे सगळं सांगितलं नसेल कशावरून?

अरफातने मोबाइलवर जुना सिनेमा लावला. "हा मीच," म्हातारा म्हणाला. मुखवट्याआड कुणीही असू शकलं असतं.

शेवटी जेवायला वाढताना मासूमाने फासा टाकला. "आई तुझा सिनेमा बघाया टॉकीजला गेली होती. मग तिनं तुला निरोप धाडला, आठवतो का?"

निरोप गेलाच नव्हता. बापाने नासिरचं नावही काढायला बंदी केली होती. तोतया असता तर त्याने इथे काहीतरी गोड रचून सांगितलं असतं.

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. "आई आली होती? मला कुणी सांगितलं नाय. मी समजलो, तिला माझी लाज वाटते. म्हणून तर तिच्या मय्यतीला आलो नाय."

मासूमा त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली.

"निरोप कुणी नेलाच नाय, भाई. मी होते तिच्यासोबत. बाया किंचाळत होत्या आणि आई रडत होती. म्हणाली, त्या पोराला पाणी द्या गो कुणीतरी, आत गुदमरतंय ते."

नासिरने ताटावर मान खाली घातली.

शुक्रवारी अरफात त्याला कब्रस्तानात घेऊन गेला. परत आला तो एकटाच.

"मामू बसलेत तिथंच, नानीच्या कबरीपाशी," तो आईला म्हणाला. "म्हणाले, तू जा पुढं."