बिजलीमल्लाची पाठ

बाळासो चौगुल्यांना आपण मेल्याची बातमी दूध संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. मेल्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. कसे मेलो, याचं वाटलं.

चित्र रंगीत होतं. आखाड्याच्या तांबड्या मातीत एक पैलवान उताणा पडलेला, दोन्ही खांदे जमिनीला टेकलेले, तोंडावरचा निळा मुखवटा निम्मा निघालेला. त्याच्यावर एक पोरगी उभी, मुखवट्याचं टोक तिच्या मुठीत. खाली ठसठशीत अक्षरांत, 'बिजलीमल्लाचा अंत, ठिणगीचा उदय. येत्या दिवाळीत.' संस्थेचे सेक्रेटरी आकाराम यांनी खाली दोन जोडलेले हात टाकले होते. आणि त्याच्याखाली कुणीतरी विचारलं होतं, 'कुनी पाडलं?'

ते दोन शब्द वाचून बाळासो गोठ्यातून तसेच घरात आले आणि बायकोला म्हणाले, "राजारामपुरीला जायाचं हाय. आत्ता."

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात त्यांना बाळासो म्हणणारी माणसं थोडी. बाकी सगळ्यांना ते 'बिजली'. हे नाव त्यांनी कमावलं नव्हतं, त्यांच्या छातीनं मिळवून दिलं होतं. ऐंशीच्या दशकात मंगळवार पेठेतले माधव पेंटर सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवता रंगवता एक चित्रकथा काढायला लागले. दर आठवड्याला एक पातळ अंक. परदेशातले उडणारे, भिंतीवर चढणारे वीर त्यांनी जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर बघितले होते, आणि त्यांच्या मते त्या सगळ्यांत एकच खोट होती, एकालाही कुस्ती येत नव्हती. म्हणून त्यांनी साखर कारखान्याच्या चिमणीवर वीज पाडली, तिच्याखाली झोपलेल्या पैलवानाच्या अंगात ती उतरवली, त्याला निळा मुखवटा चढवला आणि नाव दिलं बिजलीमल्ल. अंगासाठी नमुना हवा होता. बावड्याच्या तालमीतला विशीतला बाळासो त्यांना पसंत पडला. सांगाल त्या पवित्र्यात तो तासन्‌तास हलायचा नाही. उभं राहण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. अडचण हलायला लागल्यावर यायची.

खऱ्या मैदानात बाळासो सपाटून पडायचे. जोतिबाच्या डोंगराखाली पडले, हातकणंगल्याला पडले, एकदा तर पंचानं हात मिळवायला सांगितलं आणि तेवढ्यातच पडले. पण बिजलीमल्ल कधी पडला नाही. चोर, चेटकीण, रंकाळ्यात उतरलेला परग्रहावरचा पावणा, कुणीही असो, शेवटच्या पानावर तो उताणा आणि त्याच्या छातीवर बिजलीमल्लाचा गुडघा. पोरं अंक हातात आला की आधी शेवटचं पान उघडायची, पाठ लागलेली बघायची आणि मग निवांत पहिल्यापासून वाचायची.

गाव मोठं समजूतदार. त्यानं दोन खाती ठेवली. पडलेल्या कुस्त्या बाळासोच्या नावावर, मारलेल्या बिजलीच्या. आणि बाळासोंनी आयुष्यभर खर्च केला तो दुसऱ्या खात्यातून. लग्न त्यातूनच जमलं, कारण झुंबरबाईंचा भाऊ स्थळ बघायला आला तो घर, रान, म्हशी यातलं काही न बघता एक अंक मागून घेऊन गेला. दूध संस्थेतली संचालकाची खुर्ची, लग्नात पुढची रांग, उरसातल्या मैदानात जोडी लावायचा मान, सगळं त्याच खात्यावर. नंतर टीव्ही आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंक भाड्यानं देणारी दुकानं मोबाईलची कव्हरं विकायला लागली. माधव पेंटरांचा छापखाना गोष्ट अर्ध्यात असताना बंद पडला, पुढं पेंटरही गेले. त्यामुळे गेली तीसेक वर्षं बिजलीमल्ल धरणाच्या दरवाजाला एका हातानं लोंबकळत होता. ते बाळासोंना चाललं. लोंबकळणारा माणूस पडलेला नसतो.

आता पेंटरांची नात भैरवी पुण्याहून शिकून आली होती आणि आजोबांची चित्रकथा नव्यानं काढत होती. तिचं ऑफिस म्हणजे राजारामपुरीतल्या एका बेकरीच्या वरची मोठी खोली. रिक्षातून उतरताना बाळासोंनी झुंबरबाईंना विचारलं, "तू कशाला आलीयास?"

"तुमास्नी मारलंया म्हंत्यात. मला नगो का बघाय?"

भैरवीनं दोघांना खुर्च्या दिल्या, खालून खारी मागवली आणि बाळासोंनी तोंड उघडायच्या आत बोलायला लागली. तिची तयारी झालेली दिसत होती.

"आबा, मला वाटलंच होतं तुम्ही याल. ठिणगी मुलगी आहे म्हणून काही लोकांना..."

"पोरगी हाय ते ब्येस हाय," बाळासो म्हणाले. "आमच्या भावकीतली पोरगी हरयानात कुस्ती मारून आली परवा. पोरास्नी आता मोबाईल सोडवंना."

भैरवीच्या तयारीची पहिली बाजू वाया गेली. ती दुसऱ्या बाजूला वळली.

"मग तुम्हाला मारलं म्हणून वाईट वाटलं असेल. पण आबा, सुपरहिरोंची परंपराच ही आहे. तिकडे पंचाहत्तर-ऐंशी वर्षं चालतात एकेक. एवढ्या वर्षांत वाचक म्हातारे होतात, नवे येतात. मग जुना हिरो मरतो, मुखवटा पुढच्याकडे जातो. कधी शिष्याकडे, कधी मुलीकडे. त्याशिवाय नाव जिवंत राहत नाही."

"आनि म्येलेला?"

"तो..." भैरवी जरा अडखळली. "तो बहुतेक वेळा चार-दोन वर्षांनी परत येतो. वाचक मागणी करतात. मेलाच नव्हता असं दाखवतात."

"म्हंजे नुराच की," बाळासो झुंबरबाईंना म्हणाले. आधीच ठरवून केलेल्या कुस्तीला कोल्हापुरात नुरा म्हणतात, आणि असा शब्द सापडला की समोरचा धंदा अर्धा समजल्यासारखं होतं. "मरायचं तर मरू दे बाई त्येला. लोंबकाळून लोंबकाळून हात भरून आलाय. माझं म्हननं येगळंच हाय. पाठ लावू नगोस."

"म्हणजे?"

बाळासोंनी फोन काढून तिच्यापुढं धरला. "ह्ये बघ. माती हाय. दोन्ही खांदं टेकल्यात. वर दुसरं मानूस हुबं हाय. ह्येला काय म्हंत्यात?"

"आबा, ते प्रेत आहे."

"त्ये तुला ठावं. बघनाऱ्याला दिसतंय त्ये चितपट दिसतंय. कुनी पाडलं म्हनून इचारालाय बघ, वाच."

भैरवीनं वाचलं. मग तिनं स्वतःचा फोन उघडला आणि वर-खाली करत राहिली. चित्र टाकल्यापासून तिला जे प्रश्न येत होते ते तिनं टवाळखोरांचे म्हणून सोडून दिले होते. 'कुठला डाव?' 'पंच कोन हुता?' 'पोरीनं मारली का कुस्ती?' एकानं तर कुस्ती किती वेळ चालली ते विचारलं होतं. दुःख व्यक्त करणारा एकच होता, तो पुण्याचा.

"मी तिकडची मुखपृष्ठं बघून हे चित्र बसवलं," ती हळूच म्हणाली. "तिकडे सगळे असेच मरतात."

"तिकडं मातीत खेळत न्हाईत."

मुखपृष्ठ दुसऱ्या दिवशी छापखान्यात जायचं होतं. भैरवीनं नवा कागद घेतला. आता बिजलीमल्लाला मारायचं कसं, यावर तिघंजण खारी खात विचार करायला लागले. बसलेला दाखवावा म्हटलं तर बाळासो म्हणाले, बसून मरतो तो व्यापारी. उभ्या उभ्या मारावा म्हटलं तर झुंबरबाईंनी विचारलं, "मग ती ठिनगी मुखवटा काढनार कशी? पाटावर चढून?" ठिणगीच्या मांडीवर डोकं ठेवावं, असं भैरवीनं सुचवलं. त्यावर नवरा-बायको दोघंही कागदाकडं बघत राहिले आणि ती सूचना आपोआप मागं पडली.

"पालथा," बाळासो शेवटी म्हणाले. "पालथा पडला तर पाठ आभाळाकडं. मग वरचा काय पन करू दे, कुस्ती न्हाय होत. दीसभर पडून ऱ्हायचं. मानसं शिव्या देतील, पन पंच शिट्टी मारू शकत न्हाय. म्या केलंया."

"त्येवडंच केलंया," झुंबरबाई म्हणाल्या.

"पण आबा, पालथा पडला तर चेहरा दिसणार नाही. मुखवटा कसा काढायचा?"

"दावतो."

बाळासोंनी टोपी काढून टेबलावर ठेवली, सदरा काढून बायकोकडं दिला आणि साठी ओलांडलेलं अंग टप्प्याटप्प्यानं फरशीवर उतरवलं. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग तळहात, आणि शेवटी पोट, जे गेल्या चाळीस वर्षांत छातीच्या पुढं गेलं होतं. मान एका बाजूला वळवली. एक हात पुढं, मूठ मातीत रुतल्यासारखी. आणि ते थांबले. माधव पेंटरांनी ज्यासाठी त्यांना उचललं होतं तो गुण अजून शाबूत होता. खाली बेकरीत भांडण झालं, खिडकीवर कबूतर बसलं, पण बाळासो हलले नाहीत.

"मुखवटा बांध की मला," ते गालाखालून म्हणाले. "नुसतं कसं कळंल."

भैरवीनं आपली ओढणी घेतली. त्यांच्या डोळ्यांवरून बांधायला तिला आधी गुडघे टेकावे लागले, मग त्यांच्या मानेवर वाकावं लागलं. गाठ मारताना तिचा हात थांबला. आजोबांचे सगळे अंक तिच्याकडं होते. एकाही पानावर बिजलीमल्लाचं डोकं मागून दिसत नव्हतं. बोर्ड रंगवणारा माणूस, तो सगळं समोरून काढायचा.

"आबा, मुखवट्याला मागे गाठ होती?"

"तर. पेंटर रबर लावाय बघत हुते, त्ये माझ्या कानाला टोचायचं. मग तुझी आज्जी बांधायची. सोताच्या हातानं घट बसत न्हाय."

भैरवीनं गाठ मारली आणि तिथंच, फरशीवर बसून, कागद मांडीवर घेतला. झुंबरबाई मधूनच मान लांब करून बघत होत्या. कागदावर एक रुंद पाठ उमटत होती, खांद्यावर माती, मणक्याची वाट जरा वाकडी. आणि डोक्याशी ठिणगी, आता उभी नव्हे, दोन्ही गुडघे मातीत टेकून, दोन्ही हातांनी गाठ सोडणारी.

"केस पांढरं दावलंस व्हय?" झुंबरबाईंनी विचारलं.

"दाखवू नको?"

"दाव की. हाईतच."

चित्र झालं. भैरवीनं गाठ सोडली, ओढणी झटकली आणि म्हणाली, "उठा आबा."

"वाईच थांब."

थोडा वेळ गेला. बाळासोंनी तळहातावर जोर देऊन बघितला. पाठीत काहीतरी कडकन वाजलं आणि ते पुन्हा फरशीला चिकटले. गुडघा पोटाखाली ओढून बघितला, तो येईना. त्यांचा चेहरा अगदी निर्विकार होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"धरलं जनू पाठीत," झुंबरबाई म्हणाल्या.

"थांबा, मी उताणं करते तुम्हाला, मग हात धरून बसवू," भैरवी पुढं झाली.

"हात लावू नगोस." बाळासोंचा आवाज चढला नाही, पण ती जागीच थांबली. "असंच ऱ्हातो वाईच. सुटंल आपोआप."

पण सुटायची लक्षणं दिसत नव्हती. भैरवीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा ताज्या चित्राकडं, आणि पुण्यात इतकी वर्षं काढूनही ती माधव पेंटरांची नात होती याचा पहिला पुरावा दिला. "मी खालून चहा सांगून येते," ती म्हणाली. जाताना टेबलावरचा आपला फोन घेतला आणि दार ओढून घेतलं.

"दार लागलं?" बाळासोंनी विचारलं.

"लागलं."

"खिडकी?"

"खिडकीत कबूतर हाय. त्ये न्हाय सांगत कुनाला." झुंबरबाईंनी पदर खोचला, एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली आणि म्हशीचं रेडकू वळवावं तसं त्यांना एका दमात वळवलं. बाळासो फरशीवर उताणे झाले. आधी डावा खांदा टेकला, मग उजवा. वर पंखा फिरत होता आणि पंख्याच्या खाली कमरेवर हात ठेवून बायको उभी होती.

"आता?" ती म्हणाली. "कुनी पाडलं म्हनायचं?"

"घरातलं धरत न्हाईत," बाळासो म्हणाले, आणि उठवायला हात वर केला.

दिवाळीत अंक आला. आकाराम सेक्रेटरींनी ग्रुपवर मुखपृष्ठ टाकलं आणि सवयीनं दोन हात जोडले. त्या वेळी बाळासो घरी पलंगावर पडून होते. डॉक्टरांनी उताणं झोपायला सांगितलं होतं, म्हणून ते पालथे झोपले होते, आणि झुंबरबाई त्यांच्या पाठीला मलम चोळत होत्या. चित्राखालचं पहिलंच उत्तर बाळासोंनी मान वर करून मोठ्यानं वाचून दाखवलं.

'पाठ लागल्याली न्हाय. उठतंय बघा.'

"खाली तोंड करा," झुंबरबाई म्हणाल्या. "मानंला लावायचं हाय."