तुळसाच्या रक्तातली पोरं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. तुमच्या शाळेच्या कपाटात वरच्या फळीवर काळपट पडलेले पितळी यंत्र दिसते ना, तोच मी. माझी उमेदीची वर्षे मात्र मालवणच्या एका छोट्या दवाखान्यात गेली.

मला तिथे खिडकीपाशी ठेवले होते, कारण माझ्या आरशाला उजेड हवा असे. नुरुद्दीनभाई रक्त तपासायचे. मुंबईच्या इस्पितळात काम शिकून ते गावी परतले होते. खाऱ्या, दमट हवेने माझ्या भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून ते रोज मला मलमलीने पुसत. इतक्या हलक्या हाताने की मला लाड झाल्यासारखे वाटे.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या कार्तिकातली गोष्ट. दांड्यावरच्या मच्छीमार वस्तीतली तुळसा मासे विकायची. शिंगाळा माशाचा काटा तिच्या तळहातात घुसला. तिने हळद दाबली आणि पाटी उचलून बाजार गाठला. चौथ्या दिवशी तिचा नवरा लवू तिला बैलगाडीत घालून घेऊन आला, तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि अंग नुसते फणफणत होते. डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केले. नुरुद्दीनभाईंनी माझ्या भिंगाखाली तिचे रक्त ठेवले. पांढऱ्या पेशी नेहमीच्या सात-आठ हजारांच्या अडीच-तीनपट वाढलेल्या! त्या शरीराच्या राखणदार. शत्रू घुसला की धावून येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर चौके गावाला रोगी बघायला गेले आणि इकडे तुळसाचा ताप उतरला. लवूचा चेहरा खुलला.

"नुरुद्दीनभाई, ताप गेलो. आता मी हिका घराक न्हेतंय."

नुरुद्दीनभाईंनी तिचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. ती बोलत होती, पण भलतेच काहीतरी. त्यांनी पुन्हा रक्त घेतले.

मी पाहिले ते त्यांनीही पाहिले. कालची गर्दी नाहीशी झाली होती. वीस हजारांवरच्या पेशी आता जेमतेम अडीच हजार. ज्या उरल्या होत्या, त्याही बहुतेक कोवळ्या. पिकलेल्या पेशीच्या केंद्रकाला उसासारखी तीन-चार पेरे पडलेली असतात. यांचे केंद्रक नुसते वाकलेले, आणि अंगभर गडद ठिपके. भाईंनी तीनदा मोजले. त्यांचे काम आकडा लिहायचे, सल्ला द्यायचे नव्हे. चूक निघाली असती तर बोलणी खावी लागली असती. त्यांनी डोळा माझ्यावरून काढला, आकडा लिहिला. मग उठून बाहेर आले.

"लवू, न्हेव नको. ह्यो ताप बरा होवन उतरलेलो नाय. अंग दमला तिचा."

"रगतात बघून तुका काय समाजता?"

"घरातले कर्ते बापये दर्याशी झुजान संपले, की पोरांका वल्ह्यार बसवूचा लागता. तसा झाला हा. तिच्या रगतात आता पोरां लढतत रे. मी डॉक्टरांका घेवन येतंय."

लवू तुळसाच्या उशाशी जाऊन बसला. "जा," एवढेच म्हणाला.

भाईंनी सायकल काढली आणि भर उन्हात चौक्याचे चढ तुडवत डॉक्टरांना गाठले. दुपारपर्यंत डॉक्टर मोटारीने परतले. त्यांनी तळहात चिरला, खोल साचलेला पू काढला, शिरेतून सलाईन लावले, दुसरेही औषध जोडले. एक बोट मात्र वाचले नाही.

पुढचे पाच दिवस मी रोज तुळसाचे रक्त पाहिले. तीन हजार. साडेचार. सात. पाचव्या दिवशी पिकलेल्या पेशी पुन्हा दिसल्या, तेव्हा नुरुद्दीनभाई माझ्यावर वाकल्या वाकल्याच हसले.

घरी जाताना तुळसा माझ्यापाशी आली. भाईंनी तिच्या रक्ताची काच माझ्याखाली ठेवली, तिच्या राखणदारांची गोष्ट सांगितली आणि डोळा कसा लावायचा ते दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे माजे?"

"तुजेच."

"इतके बारके! आणि माज्यासाठी मरान गेले?" तिने पदराने डोळे पुसले, मग माझी ओली झालेली काचही पुसली.

पुढे दवाखान्यात विजेच्या दिव्याचे नवे यंत्र आले आणि मला तुमच्या शाळेत पाठवले. आता माझ्या भिंगावर बुरशी आहे. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. काटा टोचला तर लपवू नका, दुखणे वाढण्याआधी दाखवा. आणि कधी सवड झाली तर मऊ कापड घेऊन या, मला खिडकीत ठेवा. मला अजून दिसते.