एक माणूस, एक नोंद

नव्या संचालक अमृता मॅडमनी पहिल्याच सोमवारी सगळ्यांना सभागृहात बसवलं आणि संस्थेचं पुढच्या दहा वर्षांचं स्वप्न सांगितलं. पडद्यावर एकच ओळ होती, ‘एक माणूस, एक नोंद’. आमची संस्था घोरावाडी स्टेशनापासून दोन किलोमीटरवर. लोकांच्या रक्तातली माहिती संगणकावर ताडून बघायची आणि घराण्यात चालत आलेले आजार शोधायचे, हे तिचं काम. मॅडम म्हणाल्या, आपली माहिती इतकी चोख हवी की जगात कुणीही डोळे झाकून वापरावी. जिथं शंका, ते शुक्रवारी पाचला पुसायचं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मूर्खासारख्या.

बुधवारी त्यांनी मला बोलावलं. गावोगाव हिंडून रक्ताचे नमुने आणणारा मीच, हनुमंत, बारा वर्षं.

"हनुमंतराव, इंदुरीच्या आजारी घराण्यातली ही भामा आणि पवनानगरकडची निरोगींच्या यादीतली ही सारिका. रक्त मात्र एकाच बाईचं आहे. तिथं नळ्यांची अदलाबदल झाली असेल, तर इंदुरीची एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माणसं काढावी लागतील."

नळ्या बदलल्या नव्हत्या. भामा माझी सख्खी बहीण. लग्नात तिचं नाव बदलून सारिका ठेवलं.

आमचे आबा चाळिशीतच झोकांड्या खायला लागले. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, पण गावानं बेवडा ठरवून टाकलं. मग चुलता, मग चुलतभाऊ. हा आजार आहे, हे एक दिवस कागदावर यावं म्हणून तर मी ही नोकरी धरली. पहिली नळी आबांचीच भरली, ते जायच्या आधी. भामा जत्रेला माहेरी आली तेव्हा तिचं रक्त घेतलं, आणि माहेरी हाक मारतात तेच नाव लिहिलं. दोन वर्षांनी निरोगी लोकांचे नमुने घ्यायला तिच्या सासरी शिबिर लागलं. सासू तिच्या शेजारीच उभी. "सून बी देईल की," म्हणाली. आता मी काय सांगणार, हिचं झालंय म्हणून? कुठं झालं, कशापायी झालं, सगळं बाहेर पडलं असतं. मुकाट्यानं सारिका लिहिलं. शहाण्याला अक्कल ती केवढी.

मॅडम वाईट नव्हत्या. मी म्हटलं, एकच बाई आहे, सासरी नाव बदललंय. त्या म्हणाल्या, "मग तिनं तसं लिहून द्यावं. एक नोंद ठेवू."

गुरुवारी जीपनं पवनानगर गाठलं. भामा गोठ्यात शेण भरत होती. ऐकलं आणि पाटी तशीच टाकून उभी राहिली.

"दादा, अपेक्षाचा साखरपुडा झालाय. बोभाटा झाला तर माझ्या पोरीला कोन घरात घेईल?"

"कागद संस्थेतच राहील, भामे."

"तू म्हनशील तसं. एक बाई दोन जागी तूच बसवलीस. आता निस्तरायला मला सांगू नगंस."

मी तिच्या पाया पडायला वाकलो. थोरला भाऊ मी. "आबांना बेवडा म्हणून जाळलं गं," म्हटलं. "एवढं एक राहू दे."

"मला न्हाई जमायचं," म्हणाली आणि वळली. वळताना पाय लांब पडला, तिनं झटकन गोठ्याचा खांब धरला.

"चप्पल निसटली," म्हणाली.

तिच्या पायात चप्पल नव्हती. मला तिथंच बसून रडावंसं वाटलं. पण ओटीवरून सासू बघत होती, म्हणून चहा नको म्हणालो आणि निघालो.

शुक्रवारी चारला मॅडमना खरं ते सगळं सांगितलं. बहीण आहे, चूक माझी आहे, ती लिहून देणार नाही.

"तिची परवानगी नाही म्हणजे तिच्या दोन्ही नोंदी जाणार. आणि इंदुरीच्या नळ्या बरोबर आहेत, हे मी कशावरून मानू?"

"काहीतरी करा मॅडम. मी हात जोडतो."

"तुमच्या वडिलांच्या सख्ख्या अपत्याचं ताजं रक्त जुन्या नळ्यांशी जुळलं, तर घराणं राहील." त्यांनी यादी खालीवर केली. "हनुमंतराव, तुमचं रक्त इथं नाही. बारा वर्षांत?"

बारा वर्षं मी लोकांना सांगत आलोय, काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं होतं. स्वतःची बाही कधी वर केली नाही. गेल्या पावसाळ्यापासून जिना उतरताना मी कठडा धरतो. कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा.

प्रयोगशाळेतल्या सुहासनं माझं रक्त घेतलं. अर्ज नवा होता, मॅडमनी कालच छापून घेतलेला. मी पेन धरलं, पण अक्षर रेघ सोडून खाली घसरलं. दुसऱ्यांदाही तसंच. सुहासनं पेन आपल्याकडं घेतलं.

"नाव हनुमंत गेणू. पूर्वीचं नाव?"

"लिही, नाही. पुरुषाचं नाव कोण बदलतं?"

निकाल तीन आठवड्यांनी येणार, तोवर घराणं यादीत राहील, म्हणाला. मी मान हलवली. मला तो माहीत होता.

पाच वाजता यादीतून आधी भामा गेली, मग सारिका गेली. तिच्या जागी माझं नाव लागलं, आबांच्या खाली.