देव्हाऱ्यातल्या टोपल्या

काल्हेरच्या केसरीनाथ भोईरांनी आयुष्यभर गोडाऊनं बांधली. मुलगीही बांधकामातच निघाली, पण उलट्या टोकाची. उन्नती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती आणि लेझरने केसाच्या जाडीएवढ्या टोपल्या बांधत होती.

"एवढ्या लहान, की एफएसआयचा प्रश्नच येत न्हाय," असं केसरीनाथ पाहुण्यांना सांगत. पाहुणे मान डोलावत. त्यांच्या दृष्टीने परवानगी न लागणारं बांधकाम म्हणजे शास्त्राची परमावधी होती.

काम थोडक्यात असं. काचेच्या पट्टीवर चिकट रसायनाचा थेंब टाकायचा. लेझरचा अगदी बारीक ठिपका त्यात जिथे पडेल तेवढंच घट्ट होतं. ठिपका फिरवत फिरवत टोपली तयार करायची आणि उरलेला चिकटा धुऊन टाकायचा. मग दुसरं, मऊ रसायन घालून टोपलीला बिजागरी आणि झाकण करायचं. कडक टोपली, मऊ बिजागरी. भिजलं की बिजागरी फुगते आणि झाकण उघडतं. पुढेमागे अशा टोपलीतून औषध शरीरात योग्य ठिकाणी पोचवायचं, असा बेत.

बेत चांगला होता. अडचण एवढीच, की भिजल्यावर दोन रसायनं एकमेकांना सोडून जात. उन्नतीच्या आतापर्यंतच्या सगळ्या टोपल्यांची झाकणं पाण्यात वाहून गेली होती. सरांनी सांगून टाकलं होतं, "या खेपेला सांधा टिकला तर ठीक. नाहीतर विषय बदल." म्हणजे तीन वर्षं पाण्यात, झाकणांसकट. त्यात लेझर बिघडून दुरुस्तीला परदेशी गेला. हाताशी उरली एकच काच, तिच्यावर पाच टोपल्या. ती पुण्याच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली, सरांसमोर भिजवायची ठरली.

पुण्याला जाण्याआधी उन्नती एक रात्र घरी आली. काचेची डबी कुठे ठेवावी? कपाट मनोज उचकतो, म्हणजे तिचा भाऊ. फ्रिजमध्ये मासळी. टीव्हीवर चार्जर आणि चाव्या. घरात कुणीही हात लावत नाही अशी एकच जागा होती, ती म्हणजे देव्हाऱ्याची फळी. तिने डबी तिथे ठेवली, हात लावू नका असं सगळ्यांना बजावलं आणि निर्धास्त झोपली.

देव्हाऱ्याला कुणी हात लावत नाही हे खरं. हौसाआत्या सोडून.

भोईरांकडे नव्या वस्तूला हळदकुंकू लागल्याशिवाय वस्तू घरची होत नाही. ट्रकला लागतं, गोडाऊनच्या शटरला लागतं. मनोजच्या नव्या मोबाईललाही लागलं होतं, त्याचे फोटो अजून काविळीचे येतात. सकाळी हौसाआत्याला देवाशेजारी नवी डबी दिसली. तिने झाकण काढलं, काचेवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाणी सढळ हाताने शिंपडलं.

उन्नती दात घासत बाहेर आली आणि ब्रश तोंडात तसाच राहिला.

"आत्या! काय केलंस हे?"

"पूजा केली गो. तुझ्या मशिनीचा पयला माल ना?"

"अगं, हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"मी कुठं हात लावला? वरून टाकलं." मग तिचा चेहरा पाहून हौसाआत्याचा आवाज उतरला. "देवाजवल ठेवलंस बाय. मना वाटलं, देवाला दाखवायलाच ठेवलंस."

उन्नतीने डबी घट्ट बंद केली. अशा टोपल्या भिजताना टिकल्याच, तरी वाळताना कोसळतात, म्हणून वाळायच्या आत बघायला हवं होतं. मुंबई गाठायची तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येच दुपार झाली असती.

"जवळ सूक्ष्मदर्शक कुठे मिळेल, बाबा?"

"निजामपुऱ्यात शैलेशची लॅब हाय. मलेरियावाला," केसरीनाथ म्हणाले आणि जीपची चावी घेतली. हौसाआत्या कुणी न बोलावता मागच्या सीटवर जाऊन बसली. खड्डे आले तरी तिने आई गं म्हटलं नाही. भोईरांच्या घराण्यात याला पश्चात्ताप म्हणतात.

लॅबमध्ये तापाचे पेशंट भिंतीला टेकून बसले होते. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंट?"

"ही डबी," केसरीनाथ म्हणाले.

"उपाशीपोटी आहे?"

"न्हाय. नारळपाणी झालंय."

तेवढ्यात शैलेश बाहेर आला. भोईरांच्याच गाळ्यात त्याची दुसरी लॅब होती, त्यामुळे त्याने फार प्रश्न विचारले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालची मलेरियाची काच काढून त्याने जागा करून दिली.

"अरे भाई, वो मेरा खून था," बाकावरचा एक लूमवाला, म्हणजे यंत्रमागावरचा कामगार, उठून म्हणाला.

"दो मिनट, चाचा. आपका कहीं नहीं जाता."

उन्नतीने डोळा लावला. आधी पिवळे धोंडे दिसले. मग लाल धोंडे. दगडांच्या खाणीतून हिंडावं तशी ती काच सरकवत राहिली. पहिली टोपली नव्हतीच. दुसरी आडवी, तिच्यावर हळदीची दरड. तिसरीचं झाकण गायब. मागे हौसाआत्या वज्रेश्वरी देवीला काहीतरी नवस बोलत होती. नेमकं काय ते कळत नव्हतं, पण बोलणं वाढत वाढत बोकडापर्यंत पोचलेलं ऐकू आलं.

"आहे," उन्नती म्हणाली.

"काय हाय?" तिघांनी एकदम विचारलं. तिसरा लूमवाला होता.

"चौथी उभी आहे. पाचवीपण. झाकणं उघडलीत बाबा, आणि सांधा तसाच आहे! सुटला नाही!" तिने पुन्हा डोळा लावला, पुन्हा काढला आणि काही कारण नसताना शैलेशशी हात मिळवला. शैलेशने त्याच्या त्या सूक्ष्मदर्शकावर साधा कॅमेरा धरून चार फोटो काढून दिले.

केसरीनाथांनीही डोळा लावला. त्यांना स्वतःच्या पापण्या दिसल्या. "झकास बांधकाम," ते म्हणाले आणि रुमालाने डोळे पुसले.

हौसाआत्या मात्र जागची हलली नाही. "मंग मी बिघडवलं न्हाय ना गो?"

"तीन बिघडवल्यास. दोन पास केल्यास."

"माझ्या येळी पस्तीसला पास व्हायचे," हौसाआत्या म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिने मुठीत धरलेला पदर सोडून पाठ भिंतीला टेकली आणि बाजूच्या बाईला, तिला ताप असूनही, सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली.

उन्नतीने दारात जाऊन सरांना फोन लावला. सांधा टिकल्याचं सांगितलं. सरांनी ते तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

"पण भिजवायचं पुण्यात ठरलं होतं ना?"

"हो सर. घरच्यांनी घाई केली."