दौलतरावांनी सेव सोडली

दौलतरावांच्या पणजोबांचा घोडा होळकरांच्या फौजेत होता. एकदा त्याला अशी तहान लागली की त्यानं अख्खं तळं पिऊन टाकलं, आणि तळाशी उरलेले मासे फौजेनं तळून खाल्ले. डायलिसिस सेंटरातल्या सहाही पलंगांना ही हकीकत तोंडपाठ होती. खुद्द दौलतरावांना मात्र दिवसाला पाऊण लिटरचीच परवानगी. मूत्रपिंडांनी राजीनामा दिल्यापासून प्यालेलं पाणी अंगातच मुक्काम ठोकायचं, आणि मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मशीन ते ओढून काढायचं. फार साठलं तर धाप लागायची. एकदम फार ओढलं तर पायांत असे गोळे यायचे की पुढचा दिवस पलंगावर.

मागच्या रंगपंचमीला अशीच धाप लागली. टँकरांतून रंग उडवत राजवाड्यावर येणारी गेरची मिरवणूक साठ वर्षांत त्यांनी एकदा चुकवली नव्हती. ती निघून गेली, आणि दौलतराव नाकाला ऑक्सिजन लावून पंखा बघत राहिले. यंदा जायचंच होतं. स्वतःच्या पायांवर.

गेर बुधवारी. आदल्या शनिवारी काट्यावर चढले तर साडेतीन किलो जास्त!

"काका, पाणी किती प्यालात?" टेक्निशियन शमिकानं विचारलं.

"पाऊण लिटरवर थेंब नाही. विचार हिला."

"खोटं नाही गं," द्वारकाबाई म्हणाल्या. "बाटली मीच भरते."

"मग आणखी काय घेतलं?"

"काही नाही. काल छप्पनच्या खाऊगल्लीत जाऊन शिकंजी खाल्ली, तेवढीच."

"शिकंजी? काका, ते आटवलेलं दूधच ना!"

"ती काय पिण्याची वस्तू आहे?" दौलतराव दुखावले. "चमच्यानं खातात."

"सही बोल रिये भिया," शेजारच्या पलंगावरून रामभाऊ म्हणाले. "शिकंजी तो खाने की चीज है." सहाही पलंगांचं एकमत झालं.

शमिकानं कपाळाला हात लावला. "आणि सेव?"

"पोह्यांवर मूठभर, वरणावर मूठभर," द्वारकाबाईंनी बोटांवर मोजलं, "आणि टीव्हीसमोर नुसती."

"तेच मीठ तहान लावतं काका. पाणी मोजून पिता आणि तहान मुठीनं पेरता!"

डॉक्टर अभिराम तेवढ्यात आले आणि निकाल देऊन गेले. मंगळवारी वाढ दोन किलोच्या आत, तरच गेर. नाहीतर टीव्ही.

दौलतरावांनी त्या क्षणी सेव सोडली.

रविवारी नाक्यावरच्या पोहेवाल्याला त्यांनी सांगितलं, "बिना सेव के." झारा त्याच्या हातातून कढईत पडला. बाकावरच्या चौघांचे घास तोंडाशी थांबले. पोहेवाल्यानं खाली उतरून दौलतरावांचं कपाळ चाचपलं आणि हळूच विचारलं, "घर में सब ठीक तो है ना, भिया?"

सोमवारी महूहून साडू शरदराव आले. "एक कट चाय में क्या होता है, दौलतराव?"

"शंभर ग्रॅम," दौलतराव म्हणाले आणि लवंग चघळत बसले.

दुपारी जीभ अशी वाळली की तिच्यावर पापड घालता आले असते. द्वारकाबाई लाटी हातात घेऊन तसं काही बघूनही गेल्या म्हणतात. पण गंमत अशी, की संध्याकाळी ती तहान आपणच उठून गेली. सेवेविना बिचारीला कोण विचारणार? बाटलीत दोन घोट उरले. दौलतरावांनी ते तुळशीला घातले, आणि ऐटीत घातले.

मंगळवारी काटा म्हणाला, एक किलो सहाशे. शमिकानं त्यांना उतरवून पुन्हा चढवलं. एक किलो सहाशे! ज्यांचे हात सुयांत अडकले होते त्यांनी दुसऱ्या हातानं मांडीवर टाळ्या पिटल्या. त्या दिवशी मशीननं जेवढं ओढलं त्यात एक गोळा आला नाही.

"जा," डॉक्टर म्हणाले. "एक तास. हातावरचा फिस्टुला, सुया टोचायची ती शीर, झाकून. आणि तोंड बंद. ते रंगीत पाणी पोटात नको."

सगळ्या पलंगांच्या माना दौलतरावांकडे वळल्या.

"वजनाचं ठीक होतं, डॉक्टर," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण ह्यांचं तोंड? तासभर?"

बुधवारी दौलतराव राजवाड्यासमोर छाती काढून उभे होते, डावा हात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. टँकरची तोफ वळली आणि पणजोबांच्या घोड्यानं प्यालेलं ते तळंच्या तळं त्यांच्या डोक्यावर कोसळलं. गुलाल पाचव्या मजल्याच्या वर गेला. ढोल वाजले. ओळखीचे ओरडत होते, "दौलतराव, बोला काहीतरी!" दौलतराव मिशीतून नुसते हसत होते. एवढ्या पाण्यातला एक थेंब आत गेला नाही, आणि जन्मात पहिल्यांदा एक शब्द बाहेर आला नाही. तासाभरानं चालत घरी आले. जिना चढले. धाप नाही.

गुरुवारी काट्यानं सव्वा किलो दाखवलं. शमिकानं सुया लावल्या, मशीन सुरू केलं आणि विचारलं, "काय काका, कशी झाली गेर?"

दौलतरावांच्या कानांत रंग अजून गुलाबी होता. त्यांनी सहाही पलंगांवर एक नजर फिरवली, घसा साफ केला आणि तोंड उघडलं. डायलिसिसचे चार तास त्या दिवशी कमी पडले.