साफ केलेला गळा

डॉक्टरांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि घोट घ्यायला सांगितलं. त्या माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांची बोटं माझ्या गळ्यावर होती. मी गिळलं तशी गाठ वर सरकली आणि पुन्हा जागेवर आली. त्यांच्या बोटांखाली ती सरकताना मलाही जाणवली.

"आई, मावशी, कुणाला गळ्याची गाठ होती?" त्यांनी विचारलं.

"आई मी नऊ वर्षांची असताना गेली. तापानं गेली, एवढंच सांगतात."

"घरी विचारा. अशी गाठ घराण्यात असेल तर मला तपासण्या वेगळ्या सांगाव्या लागतील. कदाचित ऑपरेशनही वेगळं. सुईच्या तपासणीआधी मला कळवा."

नागपूरहून भंडाऱ्याला परतताना मी बसमध्ये ओढणी गळ्याशी धरून बसले होते. मला काहीतरी आठवत होतं. आईच्या कुशीत निजलेले असताना पदराखाली माझं बोट एका गोल, घट्ट जागेवर पडायचं आणि ती माझा हात हळूच बाजूला करायची. पण मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. स्वतःला गाठ सापडल्यानंतर आठवलेली गोष्ट पुरावा म्हणून धरता येत नाही, इतकं मला कळतं. भीतीनंही आठवणी तयार होतात.

घरी आल्यावर बाबांना फोन केला. ते पवनीकडच्या पुनर्वसनाच्या गावात एकटे राहतात. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे.

"बाबा, आईच्या गळ्याले काही झालं होतं का?"

"नाही." उत्तर फार लवकर आलं. मग म्हणाले, "काहून विचारून राहिली?"

"असंच."

त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. माझ्या गाठीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आईचा फोटो एकच आहे, लग्नातला, खाली घातलेल्या मानेचा. दवाखान्याचे कागद गाव उठलं तेव्हाच गेले. राहिली होती फक्त व्हिडिओ कॅसेट. बाबांच्या एका मित्रानं नागपूरहून कॅमेरा आणून तान्ह्या पोळ्याला आमच्या अंगणात शूटिंग केलं होतं. मी लाकडी बैल ओढतेय, आई त्या बैलाला ओवाळतेय. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली. मागच्या दिवाळीत बाबांनी पवनीच्या एका स्टुडिओत ती कॅसेट देऊन एचडी करून घेतली होती, आणि तेव्हापासून येईल त्याला ते दाखवत होते. मी एकदाच, घाईत, पाहिली होती.

रविवारी सकाळी मी लेकीला घेऊन बाबांकडे गेले.

"नातबाई, आजी पाहाची का?" बाबांनी लगेच पेन ड्राइव्ह लावला.

"आजी सिरियलमधली वाटते," लेक म्हणाली.

"मंग! तुह्या मायपेक्षा गोरी होती."

"बाबा, माझ्या तोंडावर?"

"तुह्या तोंडावर नाही तर का पाठीमागं सांगू?"

मी हसले, पण नजर पडद्यावर होती. अंगणातला शेणसडा गुळगुळीत फरशीसारखा दिसत होता. तुळशीची पानं एकमेकांत वितळून एक हिरवा गोळा झाला होता. आईचे डोळे स्वच्छ, दात सारखे, गाल भरलेले. जुन्या टेपवर चित्राबरोबर सतत सळसळणारे दाणे असतात, आपण त्यांना मुंग्या म्हणतो. एचडी करणारं सॉफ्टवेअर लागोपाठच्या चित्रांची तुलना करतं, जे बदलत राहतं ते मुंग्या समजून पुसतं, आणि पुसलेल्या जागी असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलं काहीतरी भरतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी पुढचं दृश्य पाहताना मी पडद्याजवळ सरकले.

ओवाळून झाल्यावर आई लोटा वर धरते, मान मागे टाकते आणि वरून पाणी पिते. पाण्याची धार तिच्या तोंडात पडत होती. ती पीत होती, पीतच होती, आणि तिचा गळा हलत नव्हता. हनुवटीपासून पदरापर्यंत कातडी चिनीमातीसारखी स्थिर. मी ते पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. माझ्या आईच्या रूपात कुणीतरी बसून पाणी पिण्याचं सोंग करत होतं, आणि बाबा तिच्याकडे कौतुकानं बघत होते.

"बाबा, मूळ कॅसेट कुठं आहे?"

"शिरवली."

"काय?"

"अवं, नवी भेटली ना आता. जुनी का उकिरड्यावर फेकाची? तुही माय होती तिच्यात." बाबांना माझं विचारणंच कळत नव्हतं. "ढिवराच्या डोंग्यात बसलो, आपल्या घराच्या वरतं गेलो, हळदकुंकू वायलं अन् शिरवली. गनपती शिरवतो तसंच. बराबर केलं ना?"

जुना देव, जुना फोटो, फाटकी पोथी, आमच्याकडे असंच पाण्यात सोडतात. मीही हेच केलं असतं. घरावर साचलेल्या त्या पाण्याच्या तळाशी टेप भिजत पडली होती, आणि माझ्या गळ्यातल्या गाठीबद्दल जगात जी एक गोष्ट काही सांगू शकली असती, ती तिच्यावर होती.

लेकीला बाबांजवळ ठेवून मी पवनीला गेले. स्टुडिओवाला प्रवीण माझ्याहून लहान, बोलघेवडा.

"ताई, कशी वाटली? एकदम काचेवानी करून देल्ली ना?"

"साफ करायच्या आधी कॅसेटवरून जी फाइल घेतली होती, ती हवी होती."

"ते घाण कायले पायजे? मुंग्याच मुंग्या होत्या. पेन ड्राइव्ह देल्ली का डिलीट मारतो मी. डिस्क भरते ना."

"काहीच नाही राहिलं?"

"नाही ना, ताई."

मी ओढणी नीट केली आणि जायला वळले. तेव्हा दाराशेजारच्या टीव्हीवर मला आई दिसली. दुकानाची जाहिरात चालू होती. पडद्यावर एक उभी पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती. रेघेच्या उजवीकडे मुंग्यांनी भरलेलं मळकट चित्र, डावीकडे गुळगुळीत. रेघ आईच्या चेहऱ्यावरून गेली आणि तिचे बसके गाल भरून आले. रस्त्यानं जाणारे-येणारे माझ्या आईकडे बघत होते.

"हे तुमच्यातलंच हाय," प्रवीण जरा ओशाळून म्हणाला. "लय चांगला फरक दिसते म्हनून सॅम्पल ठेवलं. काढून टाकू का?"

"ह्याची आधीची क्लिप आहे?"

"तेवढी हाय. जाहिरातीच्या फोल्डरमधी."

क्लिप लोटा उचलण्यापासून सुरू होत होती. त्यानं ती माझ्या मोबाइलवर टाकली. मी ती दुकानात उघडली नाही. बसस्टँडच्या बाकावर बसले, तरी उघडेना. गाठ नसेल तर माझी आठवण खोटी, एवढंच. असेल तर? मी विद्यार्थ्यांना सांगत असते की मोजण्याआधी उत्तराची इच्छा धरू नका. त्या बाकावर मी सारखं एकच म्हणत होते, नको असू दे.

मग लावली.

आधी चित्र थांबवून पाहिलं. थांबवल्यावर आई दिसतच नव्हती, नुसते करडे ठिपके. गळ्यावर डाग होता, पण तसे डाग भिंतीवरही होते. पुढच्या चित्रात तो नव्हता. पुन्हा पुढे होता. अशा ठिपक्यांवरून काही ठरवता आलं नसतं. म्हणून चालू केली.

चालू होताच ठिपक्यांतून आई उभी राहिली. हडकलेली, दमलेली, आताच्या माझ्याहून लहान. तिनं मान मागे टाकली. धार पडली. गळ्याच्या खालच्या बाजूला एक सावली होती. घोटाबरोबर ती वर सरकली आणि पुन्हा जागेवर आली. दुसऱ्या घोटाला पुन्हा. मुंग्या कशाही पळतात, पण घोटाच्या तालावर वरखाली होत नाहीत. मी क्लिप परत परत लावली, माझी चूक सापडावी म्हणून. चूक सापडली नाही. सॉफ्टवेअरला ती हलताना दिसली होती, म्हणूनच त्यानं ती पुसली होती.

बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा सारखा केला, पाहिलं, आणि लगेच मोबाइल पालथा ठेवला.

"बंद कर हे."

"बाबा, तुम्ही नाही म्हणाले होते."

"मंग का म्हनू?" त्यांचा आवाज फाटला. "लिंबाएवढी गाठ होती. वैदूचा लेप लावत होतो मी, दवाखान्यात नेलं नाही. धान कापलं का नेतो म्हनलं. लोक म्हनत तापानं गेली, मीबी तेच म्हनलो. तू इतक्या सालानं इचारलं, मले वाटलं, आता पोरगी हिसाब मांगून राहिली."

"मी हिशेब नाही मागत, बाबा."

"मंग काहून मांगं लागली माह्या?"

मी ओढणी काढून खाटेवर ठेवली. मान थोडी वर केली. मला काही सांगावं लागलं नाही. बाबांचा हात माझ्या गळ्याच्या दिशेनं आला, आणि अर्ध्यावर थांबला.

"हे कवापासून?"

"उन्हाळ्यापासून."

"अन् मी तुले नाही म्हनलो. फोनवर. सरळ नाही म्हनलो." ते खाटेवरून उठायला लागले, कुठे जायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. "चाल. आत्ताच चाल. कुठी नेऊ?"

त्यांना बसवून मी डॉक्टरांना फोन लावला. रविवार होता, तरी त्यांनी उचलला. मी क्लिप पाठवली, मग फोन स्पीकरवर ठेवला. बाबांनी सगळं सांगितलं. लिंबाएवढी. आवाज बसला होता. शेवटी पाणीही उतरत नव्हतं. पोट सारखं बिघडलेलं असायचं, बिचारी रोडावत गेली. डॉक्टर मधे मधे एखादा प्रश्न विचारत होत्या.

"उद्या रक्ताची एक वेगळी तपासणी करू," त्या म्हणाल्या. "सुई त्यानंतर. घाबरू नका, तुमची गाठ लहान आहे आणि वेळेवर कळलंय. फक्त एक सांगा, तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी."

"किती वर्षांची?"

"नऊ."

"येताना तिलाही घेऊन या."

आत टीव्ही अजून चालू होता. मी लेकीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली, काय झालं म्हणून आमच्या दोघांकडे बघत. बाबा माझ्या आधी तिच्या गळ्याकडे पाहत होते.