शिट्ट्यांचा धनी

पहिला अंक संपला आणि वरच्या माळ्यावरून पहिली किल्ली वाजली.

घराच्या किल्लीची दांडी पोकळ असते. ती ओठाला लावून जोरात फुंकली की काचेवर सुरी ओढल्यासारखा आवाज निघतो. पॅरिसच्या नाटकवेड्यांना घरात शिरायलाही तीच किल्ली लागते आणि नाटक पाडायलाही तीच. ओनेझीम व्हर्दिये विंगेत उभा होता, दोरांच्या आणि रंगवलेल्या कापडी झाडांच्या मधे. त्यानं डोळे मिटले. दुसरी किल्ली वाजली, तिसरी वाजली, आणि मग पावट्याच्या शेंगा तडतडाव्यात तसा सगळा माळा तडतडू लागला.

"वाजवतायत," म्हातारा विनोदी नट बार्नाबे कपाळावरचा रंग पुसत आत आला. "तुमची पदं ऐकून वाजवतायत बरं का, मॉसिए व्हर्दिये. माझ्या विनोदाला कुणी वाजवलं नाही. कुठून वाजवणार? तुम्ही मला विनोद दिलाच नाहीत."

"दिले होते. तुम्ही खाल्लेत."

"खाल्ले असते तर पोट तरी दुखलं असतं," असं म्हणून बार्नाबे पुढे गेला.

बुलेव्हारच्या रुंद रस्त्यावरच्या त्या लहानशा थिएटरात ओनेझीमला सगळे ओळखत आणि बाहेर कुणीच ओळखत नसे. वीस वर्षं तो ऑपेरेटांची, हलक्याफुलक्या संगीत नाटकांची, पदं रचत आला होता. पण ती पदं लोकांच्या तोंडी गेली ती लेओपोल्ड कास्तान्येची म्हणून. दोघांची जोडी होती. कथानक कास्तान्येचं: कपाटात लपलेला प्रियकर, वेश बदललेली बायको, बहिरा सरदार. त्या कथानकात जिथं जिथं तोंड उघडून गायचं, तिथले शब्द ओनेझीमचे. संगीतकार चाल वाजवायचा, ठेका कळावा म्हणून 'कोबी कोबी, खुर्ची गं' असलं काहीबाही बरळायचा, आणि ओनेझीम घरी जाऊन त्या कोबीच्या जागी चंद्र बसवायचा, खुर्चीच्या जागी विरह. ओळ न तुटता, ठेका न सांडता.

नाव एकाचंच लावायचं, असं ठरलं ते ओनेझीमच्याच सोयीनं. तो तेव्हा दारूच्या जकात-कचेरीत कारकून होता, आणि नाटकात नाव दिसलं तर साहेब घरी बसवील ही भीती. पुढे कचेरी सुटली. तेव्हा त्यानं कास्तान्येला म्हटलं, आता माझंही नाव लाव. कास्तान्ये कॉफीचा पेला खाली न ठेवता हसला होता.

"अरे, लोकांना एक नाव पाठ झालंय. त्यात दुसरं कशाला कोंबायचं? आणि ओनेझीम म्हणजे काय नाव आहे? औषध वाटतं."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. ओनेझीमनं एकट्यानं हे नाटक लिहिलं, 'सात धोबिणी'. यात कपाट नव्हतं की सरदार नव्हता. एका नदीकाठच्या सात बाया होत्या, आणि त्यांची पदं त्यानं आधी लिहिली, चाल मागून आली. त्याची आई बेरी प्रांतात आंद्र नदीवर लोकांचं धुणं धुवायची. गुडघ्याखाली गवताची पेंढी, हातात लाकडी धोपाटणं, आणि प्रत्येक आघाताला एक शब्द. पोरानं भाषा शिकली ती त्या आघातांवर. पाणी वाहून गेलं, आई वाहून गेली, शब्द मात्र दगडाला शेवाळ धरावं तसे त्याच्या जिवाला धरून राहिले होते.

आज त्याला एवढंच हवं होतं. पहिल्या रात्री लेखकाचं नाव कुठं छापलेलं नसतं. शेवटचा पडदा पडला की लोक 'नाव! नाव!' ओरडतात, मग एक नट पुढे येतो, तीनदा वाकतो आणि म्हणतो की आजचा खेळ अमक्यांचा होता. त्या अमक्यांच्या जागी आपलं नाव ऐकायचं. एकदाच. मग मेलो तरी चालेल, असं त्यानं घरमालकिणीला सांगितलंसुद्धा होतं, आणि ती म्हणाली होती, मराल तर खोली आधी रिकामी करा.

दुसरा अंक पहिल्याहून वाईट गेला. संत्र्याच्या साली पडू लागल्या. मुख्य गायिका झेल्मा आत आली ती खांद्यावरची साल झटकत.

"तुमच्या आईचं धुणं मी का धुवायचं, सांगा मला!" ती ओनेझीमवर कडाडली. "मी वीस नाटकांत राणी झाले, सरदारीण झाले. आज गुडघ्यावर बसून चादरी बडवतेय. खालून एक मेला विचारतो, बाई, माझा सदरा केव्हा देणार!"

"तुम्ही ओळ खालच्या पट्टीत घेता. वर घ्या. हाक आहे ती."

"वर घेते हो. तुमच्या मुंडक्यापर्यंत घेते."

तेवढ्यात थिएटरचा मालक फ्रोमाझो आला, आणि त्याच्या मागोमाग, कोटाच्या काजात पांढरं कॅमेलियाचं फूल खोवून, लेओपोल्ड कास्तान्ये. समोरच्या खास कक्षात बसून दोन अंक तो गालातल्या गालात हसत होता. आठवडाभर कॅफेत बसून यानंच सांगितलं होतं, की या नाटकात काही दम नाही, रडगाणं आहे, करमणूक हवी असेल तर किल्ल्या घेऊन जा. ते ओनेझीमला ठाऊक होतं, आणि ओनेझीमला ठाऊक आहे हे कास्तान्येला ठाऊक होतं.

"मॉसिए व्हर्दिये," फ्रोमाझो हात चोळत म्हणाला, "मी डबघाईला आलेला माणूस आहे. मॉसिए कास्तान्ये मोठ्या मनानं पुढे आलेत. शेवटी त्यांचं नाव घ्यावं, असं म्हणतात."

"कशात?"

"घोषणेत."

ओनेझीमला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"तू यातली एक ओळ लिहिलेली नाहीस," तो कास्तान्येला म्हणाला.

"देवाची कृपा," कास्तान्ये म्हणाला. "अरे, मी तुला वाचवायला आलोय. आजवर माझ्या नावाला एक शिट्टी वाजलेली नाही. नट म्हणेल 'कास्तान्ये', की हेच लोक किल्ल्या खिशात घालतील आणि म्हणतील, छे, आपल्यालाच कळलं नाही, फार खोल होतं. उद्याच्या वर्तमानपत्रांत बघ. तुझ्या धोबिणी जगतील, लेका. फक्त माझ्या घरी नांदतील."

"आणि मी?"

"तू होतास तिथंच. कोपरा तुला शोभतो. तुझ्यासारख्या माणसाला उजेडात आणलं की फक्त डाग दिसतात."

"वीस वर्षं माझ्या शब्दांवर पोसलास, लेओपोल्ड. फुगलास. आता माझी आईपण गिळायला आलास?"

"आई कुणाला हवी आहे? मी फक्त पडदा सावरतोय."

"माझं नाव घेतलं जाईल," ओनेझीम म्हणाला. "शिट्ट्या वाजल्या तरी. दगड पडले तरी."

"ऐकलंत?" कास्तान्ये फ्रोमाझोकडे वळला. "कचेरीतून सुटलेला कारकून आहे हो हा. शिक्का मारल्याशिवाय जेवण जात नाही." आणि तो आपल्या कक्षाकडे निघून गेला. त्याच्या मागोमाग जाताना फ्रोमाझोनं जवळच उभ्या असलेल्या बार्नाबेच्या कानाशी तोंड नेलं. ओनेझीमनं ते पाहिलं. बार्नाबेनंही ओनेझीमनं पाहिलेलं पाहिलं.

"माझ्याकडे असं बघू नका," बार्नाबे म्हणाला. "माझी पोळी मालकाच्या तव्यावर भाजते. तुमच्या नाही."

तिसऱ्या अंकात धोबिणींचं पद होतं. झेल्मानं या वेळी ओळ वर घेतली, रागानं का होईना, पण घेतली, आणि तो आवाज असा उठला की पहाटेच्या धुक्यातून पलीकडच्या काठावरच्या बाईला हाक जावी.

काठावरी धुणं,
धुणं धुते बाई,
डाग जात न्हाई
सासरीचा.

पाण्याला सांगते,
जा गं माझ्या गावा,
निरोप सांगावा
मायबाईला.

एक कडवं थिएटर गप्प राहिलं. ओनेझीमच्या छातीत काहीतरी हळूच उमलायला लागलं. आणि मग माळ्यावर कुणीतरी पाय आपटला. धप. 'धुणं.' धप. 'बाई.' शेजाऱ्यानं आपटला. सगळा माळा धोपटू लागला, खालचे सभ्य लोक काठ्या आपटू लागले, आणि एक पोरगेला आवाज किंचाळला, "माये, माझी विजार राहिली गं!" हशा असा फुटला की वाद्यवृंद बुडाला. झेल्मा थांबली नाही. डोळ्यांतून पाणी काढत, दात खात तिनं पद शेवटाला नेलं. ओनेझीमला वाटलं, हे लोक पाय आपटतायत ते फळ्यांवर नाहीत. एका ओणवलेल्या पाठीवर आपटतायत.

पडदा पडला. "नाव! नाव!" गर्जना झाली. प्रेमाची गर्जना वेगळी असते. ही शिकारीची होती. कुत्र्यांना दार उघडून हवं होतं.

बार्नाबे पडद्याच्या फटीतून पुढे गेला. तीनदा वाकला.

"सज्जनहो, आज आम्ही आपल्यापुढे जो खेळ सादर करण्याचा मान मिळवला, तो मॉसिए लेओपोल्ड कास्तान्ये यांचा होता."

एक श्वास गेला. त्या एका श्वासात कास्तान्ये कक्षात उठून उभा राहिला होता, छातीवर हात ठेवून, झुकायच्या तयारीत. ओनेझीम पडद्याच्या कडेच्या भोकातून बघत होता. त्याला वाटलं, आता टाळ्या. आता किल्ल्या खिशात जातील आणि आई त्याच्या घरी नांदायला जाईल.

आणि मग किल्ल्या वाजल्या.

अशा वाजल्या, की आधीच्या शिट्ट्या अंगाईगीत वाटाव्यात. लोकांना वाटलं, आपल्याला फसवलं. ज्यानं आठवडाभर सांगितलं की या नाटकावर शिट्ट्या वाजवा, त्याचंच हे नाटक? म्हणजे हा आपल्यालाच हसत होता की काय? "कास्तान्ये, लबाडा!" "धोबी कास्तान्ये!" एक अर्धं संत्रं कक्षाच्या कठड्यावर फुटलं. कास्तान्येचा चेहरा पिठासारखा झाला. तो कठड्यावरून वाकून ओरडू लागला, "माझं नाही! मी एक ओळ लिहिली नाही! त्याचं आहे, त्या कारकुनाचं! विचारा त्याला!" पण कोण ऐकतो. शिट्ट्यांत त्याचे ओठ नुसते हलताना दिसत होते, पाण्याबाहेरच्या माशाचे हलावेत तसे.

विंगेत फ्रोमाझो मटकन खाली बसला. झेल्मा हसली. ओनेझीमकडे वळून म्हणाली, "घ्या! तुमच्या वैऱ्याची पूजा चाललीय. पेढे वाटा."

ओनेझीमला आनंद व्हायला हवा होता. त्यानं आत पाहिलं, आनंद नव्हता. होता तो जुनाच राग, आणि तो आता इतका वर आला होता की डोळ्यांपुढे अंधारी आली. वीस वर्षांच्या टाळ्या या माणसानं नेल्या. ठीक. फुलं नेली, मेजवान्या नेल्या, पोरीबाळींच्या ओठांवरची गाणी नेली. ठीक. आज आयुष्यात पहिल्यांदा ओनेझीमनं जे स्वतःच्या काळजातून काढून लोकांपुढे ठेवलं, त्याला लोकांनी काहीतरी दिलं. वाईट दिलं, पण दिलं. आणि तेही कास्तान्येच्याच अंगावर जाऊन पडतंय.

"शिट्ट्या माझ्या आहेत," तो म्हणाला.

"काय?" झेल्मा म्हणाली.

"त्या माझ्या आहेत. त्याच्या नाहीत."

लेखकानं स्वतः रंगमंचावर जायचं नसतं. टाळ्या असोत की शिट्ट्या, लेखक विंगेत राहतो, नाव तेवढं बाहेर जातं. आजवर कुणी असं केलेलं नव्हतं, निदान शुद्धीत असलेल्या माणसानं. ओनेझीमनं पडदा बाजूला सारला आणि बार्नाबेला कोपरानं दूर ढकललं.

"तुम्ही वेडे आहात," बार्नाबे ओठ न हलवता म्हणाला. "मारतील."

"तुम्ही आत जा. तुमची पोळी करपतेय."

गॅसच्या दिव्यांची ओळ पायाशी होती. त्यांच्यापलीकडे काही दिसत नव्हतं, नुसता एक काळा, गरम, ओरडणारा जबडा. संत्र्याची साल गालावर बसली. त्यानं ती पुसली नाही. "सज्जनहो," तो म्हणाला. ऐकू गेलं नाही. मग त्यानं आईसारखा श्वास घेतला, पोटातून, नदीच्या पलीकडच्या काठाला हाक घालायला घ्यावा तसा.

"हे नाटक माझं आहे! ओनेझीम व्हर्दिये!"

खालच्या रांगा चपापल्या. "कोण?" कुणीतरी विचारलं. "हा कोण आणखी?"

"व्हर्दिये! सगळं माझं! सातही धोबिणी! तो माणूस खरं बोलतोय, त्यानं यातलं काही लिहिलेलं नाही! त्याच्यावर वाजवू नका!"

"मग कुणावर वाजवू?" माळ्यावरून आवाज आला.

"माझ्यावर!"

थिएटर क्षणभर बुचकळ्यात पडलं. मग कास्तान्येच्या कक्षातून, घाईघाईनं, सुटल्यासारखा, एक आवाज आला: "तोच! तोच तो! वाजवा!" आणि किल्ल्या वळल्या. सगळ्या एकदम, वाऱ्यानं गहू वळावा तशा. त्यात पाय आपटणं मिसळलं, काठ्या मिसळल्या, आणि त्या आघातांवर हजार तोंडांनी नाव घेतलं. व्हर-दि-ये! जा घरी! व्हर-दि-ये! जा घरी!

तो उभा राहिला. वाकला नाही, हलला नाही. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, टकलावर घाम, ओठांत काहीतरी पुटपुटणं. जवळून पाहिलं असतं तर कळलं असतं, तो ठेका मोजत होता.

पडद्याआडून झेल्माचा हात आला आणि त्याच्या कोटाचं शेपूट ओढू लागला. "मेल्या, आत ये! डोकं फुटेल!"

"अजून नाही," ओनेझीम मागे न बघता म्हणाला. "डावीकडचा माळा अजून नीट म्हणत नाहीये."